बाहेरून कुलूप

आमच्या घरी कुठलाही प्रश्न दोनदा विचारला जायचा. पहिल्यांदा उत्तर मिळावं म्हणून, आणि दुसऱ्यांदा ते उत्तर आईला हवं तसं व्हावं म्हणून. "वसू, सहलीला जायचंय तुला?" "हो." "म्हणजे तुला जायचंय, की सुषमा चाललीय म्हणून जायचंय?" "सुषमा चाललीय म्हणून." "म्हणजे तुला स्वतःला असं काही जायचं नाहीये." झाली सहल. आई वकील होती, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात, आणि माझे बाबा या प्रकाराला फेरतपासणी म्हणायचे. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते. साक्षीदाराला आधी त्याच्या बाजूचा वकील प्रश्न विचारतो, ती सरतपासणी. मग समोरचा वकील उठून त्याची पिसं काढतो, ती उलटतपासणी. आणि त्यानंतर पहिल्या वकिलाला आणखी एक संधी असते, साक्षीदार जिथे घसरला असेल तिथे त्याला हात देऊन उभं करायची. ती फेरतपासणी. आईचा त्यात हातखंडा होता. साक्षीदार कितीही चिखलात रुतलेला असो, आई दोनच प्रश्नांत त्याला धुऊन पुसून उभा करायची, हे तिच्यावर खार खाणारे वकीलसुद्धा कबूल करायचे. कोर्टात ते ठीकच होतं. पण रोज जेवताना, केस विंचरताना, अभ्यासाला बसताना कोणी तुमची फेरतपासणी घ्यायला लागलं, की हळूहळू माणूस पहिलंच उत्तर समोरच्याच्या सोयीचं द्यायला शिकतो. मी शिकले होते.

आमचं घर मखमलाबाद रस्त्याला होतं, तेव्हाच्या गावाच्या टोकाला. मागच्या खिडकीतून द्राक्षबाग दिसायची आणि हिवाळ्यात सकाळी सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत फिरायचा. आता तिथे सात मजली इमारती आहेत आणि त्यांना द्राक्षांची नावं दिलेली आहेत. बाबा मनमाडला रेल्वेत होते. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी घरी यायचे, पिशवीत काहीतरी खायला घेऊन. त्यामुळे आठवडाभर घरात आई, मी आणि आईचे पक्षकार. त्यांचं येणं पहाटेपासून सुरू व्हायचं. कोणाच्या गावातली विहीर कागदावरच खोदलेली, कोणाच्या रेशनचा गहू भलत्याच गिरणीत दळला गेलेला. माणसं पडवीत बसून राहायची आणि आई प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, "याला जबाबदार कोण, त्याचं नाव सांगा." नाव सांगायला लोक घाबरायचे. हवेला, नशिबाला, सरकारला शिव्या घालणं सोपं, पण नाव घेणं अवघड. आई ते नाव बाहेर काढल्याशिवाय त्यांना चहा द्यायची नाही असं बाबा म्हणायचे, पण ते खोटं आहे. चहा मिळायचा, जेवणही मिळायचं. चिंचगुळाची आमटी, भात आणि भाजी, मोठ्या पातेल्यात. आईच्या आमटीत गूळ जरा जास्तच असायचा. मला ती आवडायची, आणि तशी आमटी मला आजवर जमलेली नाही.

त्या वर्षी आईच्या डोक्यात एकच खटला होता. पेठच्या पलीकडे डोंगरात एका संस्थेची आश्रमशाळा होती. तिथे राहून शिकणारी सुमन नावाची मुलगी तापाने गेली. शाळेचं म्हणणं असं की ताप आल्याबरोबर आम्ही तिला बापाच्या हवाली केलं, पुढचं आम्हाला माहीत नाही. संस्थेवर आणि सरकारवर आईमार्फत दावा लावणारा बाप, लहानू, म्हणत होता की मला कोणी कळवलंच नाही, मी गेलो तेव्हा पोर गार पडलेली होती. आजारी मुलांना दवाखान्यात न्यायला शाळेकडे एक जीप होती. सुमन तापाने फणफणत असताना ती जीप कुठे होती, हा सगळ्या दाव्याचा जीव. आणि हे सांगणारं माणूस एकच होतं. शाळेत स्वयंपाक करणारी चांगुणा. मुलीच्या उशाशी तीच बसलेली होती. मुलं काय बोलली असती ती बोलली असती, पण त्यांच्या आईबापांना संस्थेच्या माणसांनी घरोघर जाऊन गप्प केलं होतं. चांगुणाचा भाऊ गंगाराम त्याच संस्थेत शिपाई होता. बहिणीला समजाव, नाहीतर तूही घरी बस, असं त्याला सांगितलेलं. मग एक दिवस चांगुणा लहानूबरोबर पेठच्या एसटीने नाशिकला आली, आमच्या पडवीत पाय पसरून बसली आणि आईला म्हणाली, "वकीलबाई, मी सांगते. पर लवकर घ्या माझं, माला भात झोडायचाय."

लवकर. कोर्टाच्या कामात हा शब्द वापरणारं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात साक्ष आहे, तोवर इथेच राहा, असं आई तिला म्हणाली, आणि मला वाटतं त्या क्षणी ते अगदी बरोबर होतं. तिच्या पाड्यावर माणसं चकरा मारत होती. पण पुढच्या आठवड्यात संस्थेच्या वकिलांची कंबर धरली आणि पुढची तारीख पडली. मग न्यायाधीश रजेवर गेले. मग सरकारी बाजूचे कागद यायचे राहिले. दर तारखेला चांगुणामावशी नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून तयार व्हायची, आईबरोबर रिक्षात बसून जायची आणि दुपारी तशीच परत यायची. मग ते लुगडं घडी करून ठेवायची. घडी इतकी दाबायची की जणू त्यातून पाणी निघणार आहे.

आणि मग कुलूप आलं. कॉलेजातून येताना एक मोटारसायकल माझ्या मागे मागे घराच्या वळणापर्यंत आली. मागे बसलेला माणूस हसून म्हणाला, "आईला नमस्कार सांगा ताई. पाहुणी बरी आहे ना?" एवढंच. पण आईचा चेहरा उतरला. आई घाबरलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे तिला भीती वाटतेय हे मला कळलंच नाही, मला वाटलं ती रागावलीय. दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन. आई कोर्टात जाताना पुढच्या दाराला बाहेरून मोठं पितळी कुलूप घालायला लागली. घरात कोणी नाही असं येणाऱ्याला वाटलं पाहिजे, म्हणून. मागचं दार आतून खिळे मारून बंद केलं. रेडिओ लावायचा नाही, पडदे सरकवायचे नाहीत, फोन वाजला तर वाजू द्यायचा. नळाची धार बारीक ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा की चांगुणाबाईंशी केसबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "साक्षीदाराला पढवलं असा एक डागसुद्धा मला नकोय," आई म्हणाली. "तिने जे पाहिलं ते तिच्या तोंडून कोर्टातच पहिल्यांदा यायला हवं." ती स्वतःही हे कडक पाळायची. एकदा मावशी जेवताना म्हणाली, "त्या दिशी सुमन," आणि आई ताटावरून उठून कुकर लावायला आत गेली. जेवण चालू असताना कसला कुकर? पण गेली. शब्दांच्या बाबतीत इतकी सोवळी बाई, आणि कुलपाच्या बाबतीत तिला काही खटकलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं. पक्का वकील असल्याशिवाय ही चूक कोणाच्या हातून होणार नाही.

दिवस कसे गेले ते सांगायला तसं काही नाही, आणि तेच सांगायचं आहे. सकाळी कुलूप लागल्याचा आवाज यायचा, मग आईच्या चपला दूर जायच्या. मग आम्ही दोघी. मावशी चाळिशीची असेल, काळीसावळी, खरखरीत हाताची, बोलायला फटकळ. तिला खुर्ची आवडायची नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची आणि मिश्री लावायची, आणि त्या मिश्रीने तिला ठसका लागायचा. ठसका लागला की मी तिच्या तोंडावर उशी धरायचे आणि आम्ही दोघी हसायचो, मग मलाच हसण्याची भीती वाटायची. "आमच्याकडं दाराला कडी नाय," ती सांगायची. "कुत्रं शिरू नये म्हून एक काटकी आडवी लावायची. मानूस आला तर काटकी काढून येतो." आईच्या आमटीवर तर तिचा उभा दावा. पहिला घास घेतला की म्हणायची, "ही आमटी हाय का खीर?" तिने गावाहून खुरासणीची चटणी आणली होती, काळीकुट्ट, ती संपेपर्यंत तिचं बरं चाललं. मग ती नागलीच्या भाकरीसाठी झुरायला लागली. आईने बाजारातून पीठ आणलं, तर म्हणे हे जुनं हाय, याला वास हाय. आई तिला मोठ्या कौतुकाने आमटीला गूळ किती, चिंच किती हे दाखवायची, आणि मावशी तोंड वाकडं करून बघत राहायची. आम्ही मटार सोलायचो, तांदूळ निवडायचो, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचो. मागच्या खिडकीच्या फटीतून ती द्राक्षबागेतल्या बायकांकडे बघायची. त्या घडांतले मणी विरळायचं काम करत असायच्या, एकमेकींशी बोलत. "किती मोठ्यानं बोलत्यात बघ," असं ती एकदा म्हणाली. हेवा वाटत होता तिला, दुसरं काही नाही.

मलाही वाटत होता. मला आईचा राग यायचा. खूप यायचा, आणि तो काढायला जागा नव्हती, कारण आई काही वाईट करत नव्हती ना. ती एका मेलेल्या मुलीसाठी लढत होती. त्याच्यापुढे माझ्या प्रयोगवहीची काय किंमत? कॉलेजात प्रात्यक्षिकं सुरू झाली. ती चुकली की परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि परीक्षा नाही तर पुढे पुण्याला जाणं नाही. मी एकदा धीर करून आईला म्हटलं, "मला प्रात्यक्षिकांना जाऊ दे. बाबांना सुट्टी काढून यायला सांग, ते मला सोडतील, आणतील." आई फाइल वाचत होती. तिने चष्मा काढला. "तुला जायचंय?" "हो." "वर्ष वाया जाईल म्हणून?" "हो." "एक वर्ष गेल्याने माणूस मरतं का?" "नाही." "सुमन मेली. मग तूच सांग, आत्ता जास्त महत्त्वाचं काय?" मी म्हटलं, सुमन. आईने चष्मा लावला. अशी माझी फेरतपासणी पूर्ण झाली आणि मी आत जाऊन निवडलेले तांदूळ घेऊन बसले. मावशी माझ्याकडे बघत होती. "नाय म्हनायचं व्हतं का तुला?" तिने विचारलं. मी म्हटलं, कळत नाही. खरंच कळत नव्हतं. इतकी वर्षं माझी उत्तरं दुरुस्त होत आली होती की पहिलं उत्तर कुठलं होतं तेच मला आठवेना.

बाबा शनिवारी यायचे तेव्हा आई कोर्टातून आलेली नसली, तर त्यांनाही घरात येता यायचं नाही. दुसरी किल्ली आईने कोणालाच दिली नव्हती. ते पायरीवर बसून शेंगा खात राहायचे आणि दाराच्या फटीतून चार शेंगा आत सरकवायचे. "कैद्यांनो, मुलाकातीची वेळ झाली," असं कुजबुजायचे. आम्ही हसायचो. पण एकदा ते आईला म्हणाले, "अगं, हे काही बरं दिसत नाही. त्या बाईला एकदा विचार तरी." आई म्हणाली, "विचारायचं काय त्यात? बाहेर काय आहे ते तिला माहीत आहे. तुम्ही तुमच्या गाड्यांचं बघा." बाबांनी गाड्यांचंच बघितलं. ते भांडणारे नव्हते, आणि माझ्या लहानपणाबद्दल माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती तेवढीच आहे.

मग गंगाराम आला. दुपारची वेळ होती, मावशी उंबऱ्यात बसलेली. दारावर थाप पडली आणि बाहेरून आवाज आला, "ताई." मावशी ताडकन उभी राहिली. मी तिचा हात धरला आणि नको म्हणून मान हलवली, मला तसंच सांगितलेलं होतं. "ताई, मी हाय, गंग्या." मग कुलूप हातात घेऊन सोडल्याचा खणकन आवाज आला. तो पडवीतच बसला असावा, कारण त्याचा आवाज खालून यायला लागला. तो दाराशी बोलत होता. म्हशीला पारडू झालं. भात झोडून झाला, तुझा वाटा कणगीत ठेवलाय. मला ते लोक रोज बोलतात, पण तू तुझं बघ, मी काय सांगायला नाय आलो, नुसतं बघायला आलो. तू हायेस ना बरी? तेवढं सांग. मावशी दाराला कपाळ लावून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती तोंडातून शब्द काढत नव्हती, कारण तिनेही आईला शब्द दिला होता. आणि मग तिला ठसका लागला. एकच. दाबलेला. "ताई?" गंगाराम म्हणाला. मग तो उठला आणि निघून गेला. मावशी दारापासून हलली नाही. आई आल्यावर तिने कुलूप काढलं, दार ढकललं, तर दार मावशीलाच लागलं.

गंगारामने जे केलं ते कोणीही भाऊ करेल. तो पोलिसात गेला आणि म्हणाला, माझ्या बहिणीला वकीलबाईंनी कुलपात ठेवलंय. त्याला तिथे कोणी नेलं, तक्रार कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे आईला पक्कं माहीत होतं, पण तक्रारीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती तक्रार संस्थेच्या वकिलांच्या हातात गेली, आणि काय चमत्कार, त्यांची कंबर बरी झाली. पुढच्याच तारखेला ते हजर. आईने मलाही कोर्टात बरोबर नेलं, कारण आता मला एकटीला घरी ठेवायची तिला भीती वाटत होती. सकाळी रिक्षात ती मावशीला एवढंच म्हणाली, "चांगुणाबाई, विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. बाकी काही नाही." हे ती प्रत्येक साक्षीदाराला सांगायची.

मावशीने शपथ घेतली आणि आईने सरतपासणी सुरू केली. तेव्हा मी सुमनची पुरती गोष्ट पहिल्यांदा ऐकली. इतके दिवस एका चटईवर बसून आम्ही मटार सोलले होते आणि ही बाई हे सगळं पोटात घेऊन बसली होती. "पोरीला ताप भरला तवा मी सरांना सांगितलं, जीप बोलवा. सर म्हनले, जीप नाय. संस्थेच्या साहेबाच्या पोरीचं लगीन व्हतं. जीप तिकडं गेली व्हती, माझी मोठी पातेली घालून. माझ्याकडं भात शिजवाया भांडं नव्हतं, मी घमेल्यात शिजवला." तिच्या बापाला बोलावलं का, असं आईने विचारलं. "कोनी नाय बोलावलं. मीच व्हते." मुलगी काही बोलत होती का? मावशी म्हणाली, "पानी मागत व्हती. आन् जीप आली का, म्हनून विचारत व्हती." न्यायाधीशांनी हे वाक्य टंकलेखकाला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा खाली आला. मागच्या बाकावर लहानू बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याने बघवलं नाही.

मग संस्थेचे वकील उठले. गोड आवाजाचे, हसतमुख गृहस्थ. "बाई, इतके दिवस तुमचा मुक्काम वकीलबाईंच्या घरी होता, बरोबर?" "हो." "वकीलबाई जाताना घराला बाहेरून कुलूप लावायच्या. तुम्हाला तिथे डांबून ठेवलं होतं." आता इथे एक सांगायला हवं. उलटतपासणीत समोरचा वकील असं काही विचारतो ते साक्षीदाराने नाही म्हणावं अशाच हिशोबाने, आणि साक्षीदार नाहीच म्हणतो. त्यामुळे लिहून घ्यायचं वाक्य ठरलेलं असतं, 'असे म्हणणे खरे नाही.' टंकलेखकाची बोटं ते आपोआप बडवत सुटली होती. "हो," मावशी म्हणाली. टंकयंत्र थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, प्रश्न कळला का तुम्हाला?" "कळला की. कुलूप व्हतं. माझा भाऊ दारात आला, माला त्याच्याशी बोलता आलं नाय. डांबूनच ठेवलं व्हतं. माला आन् त्या पोरीला, दोघींना." आणि तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, छातीवरचा दगड कोणीतरी उचलावा तसं मला झालं. न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाले, "'खरे आहे' असं लिहा." त्याने खोडून पुन्हा लिहिलं.

समोरच्या वकिलांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, पण माणसाला मोह आवरत नाही. "आणि त्या बंद घरात तुम्हाला काय काय शिकवलं, ते सांगा आता कोर्टाला." मावशीने विचार केला. "आमटीत गूळ घालायला शिकवलं." "आणखी?" "आनखी कायी नाय. माला आवडत नाय तसली आमटी." कोर्टात हसू फुटलं, न्यायाधीशांनी रुमालाने तोंड पुसल्यासारखं केलं. "सुमनबद्दल, जीपबद्दल काय बोलायचं ते शिकवलं ना?" "तिचं नावच काढू देत नव्हत्या. मी एकदा बोलाया लागले तर जेवता जेवता कुकर लावाया गेल्या." वकील खाली बसले. न्यायाधीश आईकडे वळून म्हणाले, "फेरतपासणी?"

आई उभी राहिली. तिने काय विचारायला हवं ते मला तोंडपाठ होतं, लहानपणापासून मी तेच तर ऐकत होते. कुलूप तुमच्या रक्षणासाठी होतं ना? तुम्ही आपण होऊनच राहिलात ना? दोन प्रश्न, मावशीने दोन्हींना हो म्हटलं असतं, आणि आई कोर्टातून उजळ माथ्याने बाहेर पडली असती. तिने मावशीकडे बघितलं. मग म्हणाली, "फेरतपासणी नाही." आणि बसली. तिच्या आयुष्यात हे वाक्य ती पहिल्यांदाच म्हणाली असेल. न्यायाधीशांनी तिला भर कोर्टात चार खडे शब्द सुनावले, वकिलाने साक्षीदाराला असं ठेवणं शोभतं का, म्हणून. आईने मान खाली घालून ऐकून घेतले. वकिलांच्या खोलीत पुढे वर्षभर तिला 'जेलरबाई' म्हणत होते. दाव्याचा निकाल फार उशिरा लागला, पण लागला तेव्हा संस्थेला आणि सरकारला दोघांनाही जबाबदार धरलं, नावं घेऊन. स्वतःच्या वकिलाची लाज राखायला जी बाई खोटं बोलली नाही, तिच्या घमेल्यातल्या भातावर कोर्टाने पुरता विश्वास ठेवला होता.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारात गंगाराम उभा होता, लिंबाखाली, आमच्याकडे यायला बिचकत. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलास का?" त्याने नाही म्हटलं. मग ती दोघं एसटी स्टँडकडे निघाली. जाताना तिने माझ्या गालावरून तो खरखरीत हात फिरवला. आईला तिने वाकून नमस्कार केला. आईने तो अर्ध्यातच थांबवला आणि स्वतः हात जोडले.

आई आणि मी रिक्षाने घरी आलो. घराला कुलूप होतं, आत कोणीच नसताना. आईने ते काढलं आणि किल्लीसकट हातात घेऊन पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. बागेतल्या बायका घरी चालल्या होत्या, मोठमोठ्याने बोलत. माझं वर्ष गेलेलं होतं. ते गेलंच. पुण्याला मी नंतर गेले, पुढे आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि वकिलाची मुलगी वकील का झाली नाही असं लोक अजून विचारतात. पण तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. तेव्हा आई कुलूप या हातातून त्या हातात घेत होती, आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वसू, तुलाही मी डांबून ठेवलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

मग मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो आला असता तर मी नक्की फिरले असते. तुझ्याच भल्यासाठी ना, एवढंच तिने विचारलं असतं तरी मी हो म्हणून मोकळी झाले असते. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल झालेले होते.

"फेरतपासणी नाही," ती म्हणाली, आणि कुलूप तिथेच पायरीवर ठेवून कुकर लावायला आत गेली.